दगडी

पांढरकवडा हे नाव पुण्या-मुंबईच्या पेपरात साधारण दोनच कारणांनी येतं. एक म्हणजे कापूस शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि दुसरं म्हणजे वाघ. २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ उर्फ अवनी या वाघिणीला गोळी घातली गेली तेव्हा तर सगळ्या चॅनेलवर पांढरकवडाच होतं. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं हे गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं ठिकाण.

आज लिहायचंय ते मात्र तिसऱ्याच एका जीवाबद्दल. हा वाघापेक्षा कितीतरी जास्त गोठ्यांत शिरतो, पण त्याची बातमी कधी होत नाही. कारण तो दिसतच नाही. एका मिलिमीटरमध्ये असे हजारेक जण शेजारी शेजारी आरामात मावतील.

गायी-म्हशींच्या कासेला जिवाणूंमुळे जो आजार होतो त्याला पुस्तकात 'कासदाह' किंवा 'स्तनदाह' म्हणतात, डॉक्टर 'मस्टायटिस' म्हणतात, आणि गोठ्यात त्याचं नाव आहे 'दगडी'. कास सुजते, तापते, हात लावू देत नाही, दुधात गाठी येतात, कधी रक्त येतं, आणि मग तो भाग दगडासारखा टणक होऊन कायमचा आटतो. नाव ठेवणाऱ्याने अगदी नेमकं ठेवलंय. या आजाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जिवाणू सापडून सव्वाशेच्या वर वर्षं झाली, तो कसा पसरतो हेही तेव्हाच कळलं, उपायही स्वस्त आहे, आणि तरीही तो उपाय सोडून बाकी सगळं गोठ्यापर्यंत पोचलं. असं का झालं, तेच बघायचंय.

आधी थोडं तांत्रिक :-)

गायीची कास बाहेरून एक दिसली तरी आतून ते चार वेगवेगळे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला स्वतःचं सड. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणजे एक सड गेलं तरी बाकीची तीन चालू राहू शकतात. सडाच्या टोकाला एक बारीक छिद्र आणि ते आवळून धरणारा स्नायू, हाच काय तो दरवाजा. एरवी तो घट्ट बंद असतो. पण दूध काढल्यावर तो नीट मिटायला अर्धा-एक तास लागतो. नेमकी त्याच वेळी गाय दमून शेणामुतात बसली की संपलं... दार उघडं आणि पाहुणे उंबरठ्यावर. म्हणून जाणते लोक धार काढून झाल्यावर लगेच गायीपुढे वैरण टाकतात. खात राहील तोवर ती उभी राहील.

आत शिरणारे पाहुणे साधारण दोन जातींचे. एक जात कासेतच मुक्काम करणारी. स्ट्रेप्टोकॉकस अ‍ॅगॅलॅक्टिए आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस ही त्यातली नामांकित मंडळी. ती एका गायीकडून दुसऱ्या गायीकडे जातात ती मुख्यतः धार काढणाऱ्याच्या हातावरून, फडक्यावरून किंवा मशीनमधून. दुसरी जात शेणात, चिखलात, ओल्या गोठ्यात राहणारी. ई. कोलाय त्यातलाच. तो कधी कधी इतका जोरात हल्ला करतो की दोन दिवसांत गाय दगावते. पण बहुतेक वेळा हा आजार जीव घेत नाही, दूध घेतो. 'अ‍ॅगॅलॅक्टिए' या नावाचा अर्थच मुळी 'दूध नसणं' असा आहे.

आता इतिहास.

हा आजार गायी पाळायला लागल्यापासूनचा असणार. त्याची कारणं काय काय मानली जायची? थंडी बाधली, मार लागला, दृष्ट लागली. दुभत्या जनावराला दृष्ट लागते ही समजूत युरोपात होती आणि आपल्याकडे तर आजही आहे. १८८७ साली फ्रान्समध्ये एडमंड नोकार आणि मोलेरो या दोघांनी 'दुभत्या गायींचा सांसर्गिक कासदाह' या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. नोकार हा पाश्चरच्या गोटातला पशुवैद्य. आजारी गायीच्या दुधात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली माळेसारखे जोडलेले गोल जिवाणू दिसले. तेच निरोगी कासेत सोडले की तोच आजार होत होता. आणि रोग एका गायीकडून दुसरीकडे नेतो कोण, तर धार काढणाऱ्याचा हात!

इथे क्षणभर थांबा. चाळीस वर्षं आधी, १८४७ मध्ये, व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनेही हेच सांगितलं होतं, फक्त ते बाळंतिणींबद्दल. डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांमुळे बाया मरतात, म्हणाला. लोकांना ते पटलं नाही, कारण आपलाच हात दोषी आहे हे कुणालाच ऐकायचं नसतं. दृष्ट लावणारी शेजारीण चालते, थंडी चालते, पण आपला हात? असो.

मग भारतात काय चाललं होतं? तर गंमत बघा. फ्रान्समधल्या त्या निबंधानंतर दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, पुण्यात इंपीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. कुठे? कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत! आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा प्रमुख. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही तिचीच पुढची आवृत्ती. म्हणजे जिवाणूशास्त्र आपल्या दारात अगदी वेळेवर आलं होतं. पण या लॅबचं मुख्य लक्ष्य होतं बुळकांडी. कारण बुळकांडीची साथ आली की गावंच्या गावं जनावरांविना व्हायची, आणि जनावर म्हणजे प्रामुख्याने बैल.

केळापूरकडे बघितलं की हे लगेच समजतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. केळापूर तेव्हा वणी जिल्ह्यात होतं (१९०५ पासून तो यवतमाळ जिल्हा झाला). कापूस म्हणजे नांगरणी, वखरणी, डवरणी आणि बाजारापर्यंत गाडी, सगळं बैलाच्या जिवावर. विदर्भाचा मोठा सण पोळा आहे, त्यात बैल सजतो. लहान पोरांच्या तान्ह्या पोळ्यातही लाकडाचा बैलच असतो. या व्यवस्थेत गाय ही मुख्यतः बैलाची आई. विदर्भातली नावाजलेली गवळाऊ जात वर्धा-नागपूरकडची, तिचीसुद्धा ख्याती चपळ बैलांसाठीच जास्त.

अशी गाय दूध देणार किती? वासराचं पोट भरल्यावर जे लिटर-दोन लिटर उरेल ते घरच्या चहाला. आधी वासरू सोडायचं, गायीला पान्हा फुटला की थोडं काढायचं, उरलेलं पुन्हा वासराला. कास लहान, पोटाला चिकटलेली, आणि वासराच्या तोंडाने रोज पूर्ण रिकामी होणारी. जिवाणूच्या दृष्टीने ही फार गैरसोयीची जागा! दगडी होती, पण ती घरादाराचं गणित बिघडवणारी गोष्ट नव्हती. एखादं सड गेलं तर चहा कोरा प्यायचा.

तिकडे पाश्चात्त्य देशांत गाय हळूहळू दुधाचं यंत्र झाली, आणि दगडीही तितक्याच वेगाने मोठी झाली. तिच्यावर औषध शोधण्याची धडपड सुरू झाली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रने द्युबो याने मातीतल्या एका जिवाणूपासून ग्रॅमिसिडिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. ते माणसाला टोचायला विषारी निघालं, पण कासेत सोडून बघता येण्यासारखं होतं. प्रतिजैविकांच्या इतिहासात आपण फ्लेमिंग आणि पेनिसिलिनच वाचतो, पण सुरुवातीच्या रुग्णांमध्ये या दगडी झालेल्या गायीही होत्या. मग युद्धानंतर पेनिसिलिन मुबलक झालं आणि सडातून सोडायच्या ट्यूबा बाजारात आल्या. सगळ्यांना वाटलं, आता संपली दगडी.

ती संपली नाही. स्ट्रेप्टोकॉकस बराचसा हटला, पण त्याच्या जागी स्टॅफिलोकॉकस येऊन बसला. हा भलताच चिवट. कासेच्या पेशींच्या आत लपतो, स्वतःभोवती चिकट थर करतो, गाठी तयार करून त्यात दडून बसतो. त्या गाठीपर्यंत औषध पोचतच नाही. शिवाय पेनिसिलिन पचवायलाही तो लवकरच शिकला. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅच टाकला, एक बग गेला आणि त्याच मॉड्यूलमध्ये दुसरा वर आला.

खरं उत्तर आलं १९६० च्या दशकात, इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतून. नीव्ह, डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवं औषध शोधण्याऐवजी रोजच्या कामाचा क्रम तपासला. दर वेळी धार काढून झाली की सडं जंतुनाशकात बुडवायची. गाय आटवताना चारी सडांत दीर्घ मुदतीचं औषध सोडायचं. आजारी गायीवर वेळेत उपचार करून नोंद ठेवायची. वारंवार बिघडणारी गाय कळपातून काढायची. दूध काढायचं मशीन नीट ठेवायचं. हा 'पाच कलमी कार्यक्रम'. १९६९ मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष मांडले. सडं बुडवणं आणि आटवतानाचं औषध एवढ्यावरच नवे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले होते. नोकारच्या हाताच्या मुद्द्याला इतक्या वर्षांनी रोजच्या कामात जागा मिळाली.

आपल्याकडे याच काळात दुधाची क्रांती चालू होती. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ सुरू केली. जर्सी आणि होल्स्टिनच्या रेतापासून संकरित गायी गावोगाव होऊ लागल्या. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं. पश्चिम महाराष्ट्रात संकरित गाय, उसाचं वाढं, सहकारी डेअरी आणि पशुवैद्य हे सगळं कमी-जास्त एकत्र वाढलं. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला दगडी काय करते हे दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवाने माहीत आहे. विदर्भात, त्यातही केळापूरसारख्या कोरडवाहू कापसाच्या तालुक्यात, ही साखळी तशी कधी उभीच राहिली नाही.

आणि मग आलं २००६.

आत्महत्यांची संख्या वाढत गेली तसं राज्य सरकारने डिसेंबर २००५ मध्ये १०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. यवतमाळ त्यात होतंच. त्यात जोडधंदा म्हणून दुभत्या गायी वाटायची योजना होती. साधारण निम्मं अनुदान, निम्मा वाटा शेतकऱ्याचा. कल्पना चांगलीच होती. कापूस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध रोज देतं. कागदावर कुणीही मान डोलवावी.

योगायोग असा की त्याच २००६ मध्ये, मे महिन्यात, भारत बुळकांडीच्या संसर्गातून मुक्त झाल्याचं आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं. ज्या रोगासाठी पुण्यात लॅब उघडली होती तो संपला (जगातून संपल्याची घोषणा २०११ ची). बुळकांडी एकाच विषाणूची होती, त्याला एक चांगली लस मिळाली आणि काम झालं. बैलांच्या युगातला शत्रू गेला, आणि त्याच वर्षी केळापूरसारख्या तालुक्यांत दुधाच्या युगातली गाय येऊ लागली. तिच्या आजाराचं मूळ मात्र एका जीवात नाही. दगडीला कारण होणाऱ्या सूक्ष्मजीवांची संख्या शंभराच्या वर जाते. एक लस टोचून मोकळं व्हायची सोयच नाही.

या गायींचं पुढे काय झालं ते पी. साईनाथ यांनी त्याच काळात लिहून ठेवलंय. बऱ्याच घरांत चाऱ्या-पेंडीचा खर्च दुधाच्या पैशापेक्षा जास्त झाला. अनेकांनी दुभती गाय कधी सांभाळलेलीच नव्हती. कुणी विकली, कुणी देऊन टाकली. चारा, पाणी, डेअरी, डॉक्टर... कारणांची यादी मोठी आहे आणि सगळं खापर जिवाणूवर फोडणं चुकीचं ठरेल. पण अशा गाठीला आलेल्या हिशोबात दगडी काय करते ते बघा.

समजा गाय दहा लिटर देते. खुराक, औषधपाणी आणि बँकेचा हप्ता यात आठ लिटरचे पैसे जातात. नफा दोन लिटरचा. आता एक सड गेलं. दूध सरळसरळ दोन-अडीच लिटरने उतरलं. खुराक तेवढाच, हप्ता तेवढाच. म्हणजे गेला तो कासेचा चौथा भाग, पण नफा गेला पूर्ण! शिवाय ज्या दिवसांत सडात औषध सोडलंय त्या दिवसांचं दूध विकायचं नाही. आणि गाय विकायला काढली तर घेणारा सगळ्यात आधी कासेला हात लावतो. तीन सडांच्या गायीला कोण भाव देणार?

ही झाली दिसणारी दगडी. न दिसणारी त्याहून वाईट. कास सुजत नाही, दूध पांढरंशुभ्र, गाय मजेत. फक्त दूध थोडं कमी, फॅट थोडी कमी. एरर मेसेज न देता चुकीचं आउटपुट देणारा प्रोग्रॅम कसा असतो, तसं. देशाच्या नुकसानीचे दोन अंदाज नेहमी सांगितले जातात. १९६२ चा आहे वर्षाला ५२.९ कोटी रुपयांचा. २००९ चा आहे सुमारे ७१६५ कोटींचा. मधल्या काळातली महागाई आणि वाढलेलं दूध धरूनही उडी मोठी आहे. आणि २००९ च्या आकड्यात निम्म्याहून जास्त वाटा याच लपलेल्या कासदाहाचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, लपलेली गोष्ट गरीब शेतकऱ्याने ओळखायची कशी? इथेच मला या इतिहासातली सगळ्यात आवडलेली गोष्ट येते. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात शाल्म आणि नूरलँडर यांनी एक साधी चाचणी काढली. आजारी कासेच्या दुधात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात. साबणासारखं द्रव्य घातलं की त्या पेशी फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखं घट्ट होतं. बस्स! पुढे १९९० च्या दशकात पाकिस्तानातल्या फैसलाबादच्या पशुवैद्यांनी त्याहून भारी काम केलं. परदेशी रसायनाऐवजी त्यांनी घरातली कपडे धुवायची पावडर घेतली. १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम पावडर, त्यातलं थोडं पाणी आणि तेवढंच दूध एका ताटलीत घेऊन हलवायचं. चारी सडांचं वेगवेगळं. जे घट्ट होईल त्या सडाची काळजी घ्या. नाव अर्थातच 'सर्फ टेस्ट'. (तपासलेलं दूध फेकून द्यायचं, हे सांगायला नको.)

बाकीचे उपायही याच किमतीतले. धार काढण्याआधी हात आणि सडं धुवून कोरडी करायची. पहिल्या दोन-चार धारा जमिनीवर न मारता काळ्या ताटलीत घेऊन गाठी दिसतात का ते बघायचं. आजारी गाय शेवटी पिळायची. अंगठा दुमडून सड ओढायचं नाही, पूर्ण मुठीने पिळायचं, कारण अंगठ्याच्या गाठीने सड आतून जखमी होतं. झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचं. मग वैरण. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ तर अलीकडे कोरफड, हळद आणि चुना यांचा लेपही सुचवतं, म्हणजे प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा. तोही मुद्दा किरकोळ नाही. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचा एक नवाच प्रकार गायीच्या दुधात सापडला, आणि तोच माणसांतही निघाला. कासेत अर्धवट मारलेला डोस फक्त त्या गोठ्यापुरता राहत नाही. तो आपल्या दवाखान्यापर्यंत येऊ शकतो.

मग इतकं स्वस्त उत्तर गोठ्यात का नाही? मला वाटतं, कारण ते विकता येत नाही आणि वाटताही येत नाही. ट्यूब विकता येते. गाय वाटता येते, तिचा फोटो काढता येतो, अहवालात संख्या लिहिता येते. 'अमुक इतक्या लोकांनी सहा महिने रोज दोनदा हात धुऊन धार काढली' याचा फोटो कसा काढणार? पॅकेजमध्ये हार्डवेअरची डिलिव्हरी झाली, पण ते चालवायची सवय, विचारायला जवळचा माणूस आणि चुकलं तर सांभाळून घेणारी डेअरी हे डिलिव्हरीच्या यादीत बसत नव्हतं. आणि अजून एक. बहुतेक घरांत गोठ्याचं काम बाई करते. प्रशिक्षणाच्या खुर्चीवर बसायला आपण कुणाला बोलावतो?

२००६ नंतर विदर्भात दुधाचे नवे प्रयत्न झाले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा विदर्भ-मराठवाड्याचा प्रकल्प आला, गावातून दूध गोळा करायची सोय वाढली. पुढेही गायी येतीलच, यायलाही हव्यात. कापसाच्या एका पिकावर घर उभं ठेवणं किती धोक्याचं आहे हे केळापूरने पुरेसं भोगलंय. फक्त पुढच्या वेळी कुणी 'इतक्या हजार गायी वाटल्या' असा आकडा सांगितला, तर एक प्रश्न जरूर विचारा. वर्षभराने त्यातल्या किती गायींची चारही सडं चालू होती?